इशिदा म्हणजे दगडाचं खाचर: मुळशीची एक जुनी सफर

मुळशीला जायचं ठरलं ते मला जपानी येतं या गैरसमजामुळे. गैरसमज पसरवला आमच्या ह्यांनी. हे शेतकी खात्यात होते आणि ते दिवस जपानी पद्धतीच्या भातशेतीचे होते, साठ-बासष्ट सालचे. एक जपानी तज्ज्ञ मुळशीची खाचरं बघायला येणार होते. त्यांचा दुभाषा ऐन वेळी कावीळ होऊन मुंबईत पडला, आणि ह्यांनी भर कचेरीत सांगून टाकलं की काळजी नको, आमची मंडळी जपानात वाढलीय.

वाढलीय म्हणे! माझे वडील कोबेला एका कापडाच्या पेढीवर होते, हे खरं. पण लढाईची चिन्हं दिसायला लागली तेव्हा आम्ही बोटीनं परत आलो आणि तेव्हा मी होते पाच वर्षांची. म्हणजे माझं जपानी पाच वर्षांच्या मुलीचं. मला भूक लागली, मला शू लागली, ही माझी बाहुली आहे, मांजर कुठे गेलं, एवढं मी फर्डं बोलायचे. ह्यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "घाबरू नकोस गं, भात म्हणजे शेवटी जेवणच." अशा माणसाशी मी पन्नास वर्षं संसार केलाय.

एक भांडवल मात्र माझ्याकडे होतं. वडिलांना जपानी नावांचा भारी नाद. पुण्याला आल्यावरही रात्री जेवताना ते कोबेच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं काढायचे आणि आम्हाला अर्थ विचारायचे. कोबायाशी म्हणजे लहान रान. नाकामुरा म्हणजे मधलं गाव. यामामोतो, डोंगराचा पायथा. इनोउए, विहिरीच्या वरचा. तानाका तर थेट खाचराच्या मधला. वडील म्हणायचे, ह्या लोकांची आडनावं म्हणजे तलाठ्याचा नकाशा आहे. आडनाव ऐकलं की पूर्वजांचं घर कुठे होतं ते कळतं. आपल्याकडे आडनाव ऐकून लोक भलतंच काहीतरी शोधतात, असंही ते पुढे पुटपुटायचे.

तर आषाढातल्या एका सकाळी आम्ही निघालो. आता चांदणी चौकातून गाडी भरकन निघते असं तुम्हाला वाटत असेल तर शनिवारी जाऊन बघा. त्या काळी गर्दी नव्हती, पण रस्ताही नव्हता म्हणा ना. पौडपर्यंत एसटी, तिकीट रुपयाच्या आत, आणि बावधनच्या चढाला ड्रायव्हरनं मागे वळून सगळ्यांना देवाचं नाव घ्यायला सांगितलं. भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट. माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या पाटीत कोंबडी होती, ती घाटात माझ्या पदराखाली आली आणि पौड येईपर्यंत तिथून हलली नाही. जाणाऱ्यांसाठी सल्ला: खिडकीकडची जागा धरा, पण खिडकी बंद होते का ते आधी बघा.

पौडला खात्याची जीप उभी होती आणि जीपपाशी पाहुणे. पन्नाशीचे, किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर गवताची टोपी. आदल्या दिवसापासून त्यांचं सगळं खुणांवर चाललं होतं. मी पुढे झाले आणि जन्मभर पुरेल एवढी लाज एका वाक्यात कमावली. मोठ्या माणसाला काय म्हणायचं ते मला ठाऊकच नव्हतं, तेव्हा लहानपणी वाण्याला म्हणायचे तेच म्हटलं: "ओजिचान, मी आले." म्हणजे "काका, मी आले". पाहुण्यांनी टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे पाहिलं, आणि मग एवढे हसले की जीपला टेकावं लागलं. त्या क्षणापासून ते माझ्याशी बालवाडीतल्या मास्तरांसारखं सावकाश, सोपं सोपं बोलायला लागले. माझी अब्रू गेली, पण काम झालं. नाव विचारलं तर म्हणाले, इशिदा.

पौडच्या पुढे धरणाचं पाणी लागतं. तिथे दोन मिनिटं तरी थांबाच. आम्ही मुक्कामाला गेलो ती वाडी पाण्याच्या वरच्या अंगाला होती. जुनं गाव पाण्यात गेल्यावर लोक वर सरकलेले. बबन नावाच्या शेतकऱ्यानं एक खाचर जपानी पद्धतीला द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून आमचा उतारा त्याच्याच घरी. पडवीत घोंगडी अंथरलेली, चुलीचा धूर, आणि पाहुणा बघायला आख्खी वाडी, डोक्यावर पानांची इरली घेऊन.

बबनची आई गजराबाई पुढे बसली होती. कारभार तिचाच. तिनं पाहुण्यांचं नाव विचारलं. आता इथे गप्प बसायचं ना मी? पण वडिलांनी शिकवलेलं कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर माझ्या जिभेला राहवेना. मी ऐटीत सांगितलं, ह्यांचं नाव इशिदा, इशी म्हणजे दगड आणि दा म्हणजे भाताचं खाचर. दगडाचं खाचर!

 आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. सरकारनं भात शिकवायला कोण पाठवलंय, तर दगडाचं खाचर. बबनच्या चेहऱ्यावर खाचर परत घ्यावं का असं साफ दिसत होतं.

पण गजराबाईच्या मनात भलतंच होतं. तिनं पाहुण्यांकडे डोळे भरून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ह्याच्या आदी किती गेली, म्हनावं?"

आजच्या मुलांना सांगायला हवं. ज्या घरी मुलं जगत नसत, तिथे पुढच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायचे. दगडू, धोंडू, केरू. हे पोर कुणाला नकोच आहे असं नावावरून वाटलं, म्हणजे यम तिकडे बघत नाही. गजराबाईच्या लेखी समोर एक म्हातारा होत आलेला, परमुलखातला, हाडामांसाचा दगडू बसला होता.

मी सांगितलं, अहो बाई, हे आडनाव आहे, ह्यांच्या पणजोबांच्या पणजोबांपासूनचं. ती म्हणाली, आडनाव असो नाहीतर काही असो, दगड तो दगड. तू विचार. आता हे विचारायचं कसं? माझ्याजवळ होते तेवढेच शब्द. मी विचारलं, "काका, तुमच्या आधीची बाळं मेली का?"

इशिदाकाका दचकले. मग गंभीरपणे म्हणाले, नाही, मला तीन थोरले भाऊ आहेत, तिघंही ठणठणीत, आणि एक दातांचा डॉक्टर असून त्यानं मला फार छळलंय. मी तसंच्या तसं सांगितलं. गजराबाईनं मान हलवली. असली गोष्ट चारचौघात कुणी सांगत नसतं, दिष्ट लागते, असं म्हणून तिनं पाहुण्यांच्या ताटात तुपाची जास्तीची वाटी ओतली.

जेवण काय होतं सांगते, कारण तुम्ही आज रिसॉर्टात पनीर खाऊन येता. तांदळाची भाकरी, खेकड्यांचं कालवण, आंबेमोहराचा भात आणि ठेचा. इशिदाकाकांनी हात जोडून 'इतादाकिमास' म्हटलं. मी सांगितलं, म्हणजे हे मी नम्रपणे घेतो. त्यांच्या भाषेत भाताला गोहान म्हणतात आणि जेवणालाही गोहानच: सकाळचा भात, दुपारचा भात, रात्रीचा भात. गजराबाईनं विचारलं, मग भाकरी खाल्ली तर? मी म्हटलं, तरी भातच जेवलो म्हणायचं. शहाणी माणसं हायेत, असा तिनं निर्वाळा दिला. ठेच्यानं काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी 'आरिगातो' म्हणत पुन्हा मागितला. आरिगातोचा मूळ अर्थ, मिळायला कठीण. ठेच्याला ते अगदी लागू पडलं.

जेवणानंतर मी ओलं लुगडं बदलायला आत गेले तर तिथे शेवंता बसलेली, बबनची बायको. मांडीवर बाळ, बारा दिवसांचं. संध्याकाळी बारसं होतं, म्हणूनच घरात एवढी लगबग. मी बाळाचं कौतुक केलं तशी तिनं पटकन त्याच्या तोंडावर पदर ओढला. ह्याच्याआधी दोन गेले होते, दोन्ही वर्षाच्या आत. त्यांची नावं तिनं हौसेनं चांगली चांगली ठेवली होती. सासूचं म्हणणं, त्यानंच घात झाला. ह्या खेपेला धोंडू, आणि त्यावर कुणाची हूं की चूं नाही.

शेवंता रडत नव्हती. रागावली होती.

"धोंडू म्हंजी कुनाला नगं आसलेला," ती म्हणाली. "ताई, मला हवा हाय त्यो. लई हवा हाय. मग नगं आसल्याचं नाव घिऊन त्यानं जलमभर का फिरावं?"

मग तिनं तिचा बेत सांगितला. पाहुण्याला एखादं चांगलंसं जपानी नाव विचारा आणि सासूला सांगा की त्याचा अर्थ दगड. कुणाच्या बापाला कळतंय? मी म्हटलं, बाई, ही लबाडी झाली. तर म्हणाली, यमाला फसवायचं ते लबाडी न्हाई व्हय? मी नाव विचारायचं कबूल केलं. 

दुपारी लावणी. पाऊस धो धो, आणि इशिदाकाका विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून खाचरात उतरले. जपानी पद्धत म्हणजे दोरी धरून ओळीत रोपं लावायची. दोरी बघून बायकांना हसू आवरेना. एकीनं तिच्यावर ओलं फडकं वाळत टाकलं. काकांना शेणखताबद्दल सांगायचं होतं आणि मला खताचा शब्द येत नव्हता, तेव्हा ह्या राज्यातलं शेतीविषयक पहिलं जपानी संभाषण 'गाईची शी', 'खूप शी', 'जुनी शी चांगली' असं पार पडलं. आमचे हे बाजूला उभं राहून ते सरकारी मराठीत आणत होते. सेंद्रिय पदार्थांचे कुजणे, वगैरे.

सगळे ओळीला लागल्यावर मी काकांच्या शेजारी रोपं लावायला वाकले आणि मला येत होतं तेवढ्यात सांगितलं. घरात बाळ आहे. आधीची दोन बाळं गेली. आज नाव. आजी म्हणते दगड. आई म्हणते दगड नको.

दिवसभरात मी जे जे बोलले त्यात त्यांना इतकं नीट काहीच कळलं नसेल. हातातली रोपं तशीच धरून ते उभे राहिले. मग म्हणाले, तिसरा मुलगा, तर साबुरो. साबुरो म्हणजे तिसरा, आमच्याकडे फार चालतं. खाचर घराला लागूनच होतं; मी बांधावर जाऊन शेवंताला हळूच अर्थ सांगितला. ती दारात उभी होती. तिनं नाही अशी मान हलवली. तिसरा म्हणायचं म्हणजे दर हाकेला आधीचे दोन आठवायचे. काकांना ते मी सांगायच्या आधीच उमगलं, आणि ते स्वतःवरच चरफडले. त्यानंतर त्यांनी एक आख्खी ओळ लावली. ओळ तेवढी वाकडी लागली.

ओळ संपली तसे म्हणाले, "इवाओ."

मी अर्थ विचारला. तर म्हणाले, खडक. मोठा थोरला खडक. मला वाटलं, मी सांगितलेलं त्यांना उलटं कळलं. दगड नको म्हटलं तर हा माणूस खडक देतोय! पण ते पुन्हा पुन्हा मान हलवून सांगत राहिले, चांगलं नाव, खूप चांगलं नाव, माझ्या थोरल्या भावाचं आहे. दातांच्या डॉक्टरचं नव्हे, दुसऱ्याचं. मला एवढंच कळलं की मला आता खोटं बोलावं लागणार नाही, आणि जीव भांड्यात पडला. शेवंताला मी नाव मिळालं एवढंच सांगितलं, अर्थ नाही.

संध्याकाळी नवंच लफडं. बाळाची आत्या हौसा कासारसाईहून आली होती आणि तिच्या कानावर गेलं की नाव पाहुणा ठेवणार. नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पडवीतच फतकल मारून बसली. मी काय चिखल तुडवत नुसते घुगऱ्या खायला आले का, म्हणाली. गजराबाईला पाहुण्यांचा दगडी पायगुण हवा होता, शेवंताला नाव हवं होतं, हौसाला मान, आणि पाळण्यातल्या त्या जिवाला दूध. माझ्याकडून हे सगळं ऐकून इशिदाकाका उठले, हौसापुढे गेले आणि कमरेत वाकले. अगदी काटकोनात, आणि बराच वेळ. हौसाला काय करावं कळेना. माहेरात इतकं वाकून कुणी बोललं न्हाई कधी, असं ती म्हणाली आणि निमूट उठून पाळण्यापाशी गेली. ठरलं असं की काकांनी नाव हौसाच्या कानात सांगायचं आणि हौसानं बाळाच्या.

कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. काका हौसाच्या कानाशी लागले, हौसानं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धबाधबा बुक्के घातले. एवढ्यात कुणीतरी म्हणालं, नाव तर ह्या बाबानं सांगितलं, मग ह्याला मोकळा सोडायचा व्हय? पहिला बुक्का बसला तसे इशिदाकाका गोंधळले आणि आभार मानायला वाकले. वाकले म्हणजे पाठ आयतीच पुढे आली. पुन्हा बुक्का. पुन्हा वाकणं. हे किती वेळ चाललं असतं देव जाणे. शेवटी आमच्या ह्यांनी मध्ये पडून दोन बुक्के स्वतः खाल्ले.

शांत झाल्यावर गजराबाईनं अर्थ विचारला. मी म्हटलं, खडक. ती खूश. पण काका श्वास घेत घेत पुढे बोलायला लागले, माझ्याकडे बघून, मला कळावं म्हणून अगदी लहान लहान वाक्यं. मी एकेक मराठीत सांगत गेले.

"नदी मोठी. पाणी मोठं. झाड जातं, घर जातं. खडक जात नाही. आमच्याकडे आई मुलाला खडक म्हणते. म्हणजे आई म्हणते, तू जाऊ नकोस."

 शेवंतानं बाळाच्या तोंडावरचा पदर काढला. बाराव्या दिवशी पहिल्यांदा ते पोर सगळ्या वाडीनं नीट पाहिलं. सुरेख होतं हो.

बारशाच्या पाहुण्यांनी बबनचं घर भरलेलं, म्हणून रात्री शाळेच्या खोलीत झोपलो. छप्पर तीन ठिकाणी गळत होतं, मी चौथ्या ठिकाणी झोपले. सकाळी उठून बबनच्या घरी चहाला गेलो तर पाळण्याची दोरी ओढत गजराबाई म्हणत होती, "ऱ्हा गप, धोंड्या."

 मी म्हटलं, अहो, इवाओ ना? तर ती म्हणाली, ते मला म्हनाया येत न्हाई. आन अर्थ त्योच हाय न्हवं? मग आपल्या बोलीत म्हनलं तर काय बिघडलं? बिघडलं काहीच नव्हतं. एवढा खटाटोप करून आम्ही फिरून धोंडूवरच आलो होतो. मी आत जाऊन शेवंतापुढे उभी राहिले.  बिचारीच्या मनासारखं काहीच झालं नाही, असं वाटून मला रडू यायला लागलं.

शेवंता चहा गाळत होती. मला म्हणाली, "म्हनू द्या वो. सासू म्हनती ती यमानं आयकावं म्हून. मी म्हनंन ते माज्या पोरानं आयकावं म्हून." आणि बाहेर जाऊन तिनं पाळण्यातून त्याला उचललं आणि सासूदेखत मोठ्यानं हाक मारली, माझा धोंडू गं तो.

निघताना इशिदाकाका सगळ्यांना 'सायोनारा' म्हणाले. गजराबाईनं अर्थ विचारलाच. मी सांगितलं, मूळचा अर्थ, असं असेल तर मग. ती म्हणाली, मग काय? मी म्हटलं, बाई, पुढे काही नाही, तेवढंच म्हणतात आणि जातात. तिला ते पटलं. बरं तर मग, असं म्हणून तिनं काकांच्या हातात आंबेमोहराची पुरचुंडी ठेवली.

घरी आल्यावर आठवडाभर माझ्या साडीतून चिखल निघत होता. जपानी पद्धतीचं पुढे काय झालं म्हणाल, तर बबननं दोरी गुरं बांधायला घेतली असं ह्यांनी कळवळून सांगितलं. काही वर्षं एक खाचर मात्र ओळीत लागायचं. मी नंतर थोडं जपानी शिकले, पण अजूनही खताला मला तोच शब्द आधी आठवतो. मुळशीला मी पुढे पुष्कळदा गेले. पाणी तेच आहे. कडेला बंगले झालेत. तुम्ही गेलात तर पावसाळ्यात जा आणि कुणाच्या घरचा भात खा.

दोन-तीन वर्षांनी एकदा बबन आणि शेवंता काही कामाला पुण्यात आले होते, ते आमच्याकडे डोकावले. शेवंताच्या कडेवर पोर, चांगलं गुटगुटीत, एका हातात माझ्या दाराची कडी धरून ठेवलेली आणि सोडायला तयार नाही. आमच्या शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे बघायला आल्याच. त्यांनी गाल ओढून नाव विचारलं. पोरानं खणखणीत सांगितलं, धोंडू.

काकूंनी नाक मुरडलं. म्हणाल्या, अगं, इतका गोड मुलगा आणि आजच्या काळात असलं कसलं नाव ठेवलंस?

शेवंतानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"जपानी हाय," ती म्हणाली.